दामिनीच्या नोकरीचं नाव

...नाही, तुम्हीच सांगा, सतरा वर्षं पोरगी शिकवली, अन् तिच्या नोकरीचं नाव बापाले सांगता येऊ नये? एका शब्दापायी माहा जीव टांगणीले लागला होता!

शब्द कोणता, तं ॲक्च्युअरी. आमची दामिनी पुण्याले विमा कंपनीत ते आहे. आमच्या करडी गावात 'कंपनीत आहे' म्हटलं का भागते. पण त्या दिवशी सिहोऱ्याचे पाहुणे आले पोरगी पाहाले. पोरगा मनिष, हिच्याच कॉलेजातला, दोघायचं आधीच ठरलेलं, फक्त मोठ्यायनं हो म्हणाचं बाकी. पोहे झाले, चहा झाला, अन् मनिषचे वडील, परसरामभाऊ, त्यायनं इचारलं, पोरगी करते काय? झालं... एका शब्दापायी!

मी म्हणलो, लाख माणसायतून एका वर्षात किती मरतीन याचा हिशेब करते, त्यावरून कंपनी विम्याचा हप्ता ठरवते. हे तोंडातून निघालं, अन् मनिषची आजी, शकुनबाई, पदर सावरत भिंतीकडे सरकली. "म्हणजे माणूस कधी मरते ते हिले समजते?" दामिनी समजावून राहिली, का आजी, एकाचं नाही समजत, लाखाचं समजते. तं म्हातारी म्हणे, "त्या लाखात मी आहो का नाही?" परसरामभाऊ चप्पल शोधून राहिले, अन् पोरीचे डोळे भरले!

तवा आठवलं, पोरीनंच कधी सांगतलं होतं. म्हणलो, थांबा भाऊ, हा शब्द मुळात लॅटिन भाषेतला, जुन्या रोमचा. तिथं कचेरीत बसून नोंदी लिहिणाऱ्याले तसं म्हणत. म्हणजे आपला... कारकून!

"बाबू?" परसरामभाऊ परत खाली बसले. "मंग असं सांगा ना बावा. टेबलावरची नोकरी आहे." आजीनं सोताच्या हातानं पोरीले पेढा चारला. एका शब्दापायी मोडत होतं, त्याच शब्दाच्या खापरपणज्यानं जमवलं!

आता त्यायच्याकडची पत्रिका छापून आली. पोरीनं ॲक्च्युअरीचे तेरा पेपर पास केले हो, रात्ररात्र जागून, अन् नावापुढे कंसात काय, तं 'कारकून'. मी तणतणत परसरामभाऊले लावाले फोन उचलला, तं दामिनी म्हणे, "ठेवा बाबा. पहिले लग्न होऊन जाऊ द्या."