सात कोटींची पाटी

...आणि हे अक्षरन् अक्षर खरं आहे — मान जरा वर — शपथेवर सांगतो, यात एक शब्द पदरचा नाही — आता दोन-चार असतील, ते सोडा, गोष्टीला मीठ लागतंच — हलू नका! पासपोर्टचा फोटो आहे, हसायचं नाही. तर या स्टुडिओच्या पाटीवर फोन नंबर होता, ७३९३९१३३, पत्र्याचे हे एवढाले आकडे, स्क्रूनं बसवलेले. टेलिफोनवाल्यांनी दिला, मी लावला, माझं काय डोकं त्यात! आणि एक दिवस समोरच्या शाळेतल्या गणिताच्या बाई, हातात खडू तसाच, रस्ता ओलांडून थेट आत — "अहो, तुमच्या पाटीवर मूळ संख्या आहे!" मला वाटलं तक्रार आहे. म्हटलं, "बाई, उतरवू का?"

अशा हसल्या म्हणता! म्हणे, सात कोटींच्या घरातली संख्या, पण एक आणि ती स्वतः सोडली तर कुणाचाच भाग जात नाही — कुणीही भागायला या, बाकी हातावर ठेवून परत पाठवते! बरं, शेवटचा आकडा पुसा — उरलेली तितकीच हट्टी. आणखी एक पुसा — तीही हट्टी. पुसत पुसत सातापर्यंत या, अख्खं खानदान तसलं! आणि शेवटी नववा आकडा जोडू म्हणाल, तर कुठलाही जोडा, गेलीच मोडून — म्हणजे या खानदानातली ही सगळ्यात थोरली. मला काय कळलं? कप्पाळ! पण सांगताना बाई टाचांवर अशा उड्या मारत होत्या — डोळे मिटू नका हो.

मग एकदा वाऱ्यानं शेवटचा तीन पडला. बाई धावत हजर — "बघा, अजून मूळच!" चहा झाला. आता वारा रोज कुठून आणायचा? घेतली पक्कड. दुसरा तीन काढला, बाई आल्या. एक काढला, आल्या. नऊ काढला, तर डबा घेऊनच आल्या. गिऱ्हाइकं बोंबलायला लागली, अर्धवट नंबरावर फोन कसा लावायचा? म्हटलं, गणित चालू आहे, थांबा! करता करता उरला नुसता सात — आणि मी पक्कड खाली ठेवली. हाही काढला तर बाईंनी यायचं कशाला? मी काढीना. बाई येईनात. वर सात, खाली दारात मी, घुबडासारखा. शेवटी एका दुपारी बाईच आल्या, स्टुलावर चढल्या, सात उपटून माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "आता काय उरलं?" म्हणाल्या, "दोघं. दोनही मूळच असते — सम संख्यांत एकटीच तेवढी."

झालं की लग्न! आत फोटो कापतेय ना, तीच.

हं, निघाला फोटो. आता हळूच सांगतो, बनावट काय ते एवढंच — टेलिफोनवाल्यांनी काही दिलं नव्हतं. या दुकानात फोन कधी नव्हताच! गिऱ्हाइकं कशाला बोंबलतील? बाई वर्गात पोरांना ही संख्या ठणठणीत आवाजात सांगत होत्या, खिडकी उघडी, मी ऐकली आणि ठोकली पाटीवर. हिला बिचारीला अजून वाटतं, योगायोग — काय गं? ...काय? शाळेतून लावून बघितला होतास? असा नंबरच नाही म्हणाले? — कधी? — पहिल्याच दिवशी? रस्ता ओलांडायच्या आधी?

साहेब, तुम्ही निघा बरं. फोटो उद्या न्या.