प्रिडॉमिनंट म्हणजे किती?

(अमरावती, १८६४. कापसाच्या पहिल्या वेचणीचे दिवस. कचेरीतले कारकून भगवंतराव यांच्या घरची ओसरी, सकाळ. इंग्रजी शिकवायला इनायतुल्ला मुनशी आले आहेत. नांदगावाहून कालच आलेली भगवंतरावांची आत्या, पार्वताबाई, कोपऱ्यात देवाच्या वाती वळते आहे.)

इनायतुल्ला : "लफ्ज आधी हातावर घे, वजन पाहा, मग कागदावर ठेव." आमचे उस्ताद असं बजावायचे, भगवंतराव. तुम्ही तर दौतीतून थेट ओतून राहिले!

भगवंतराव : मुनशीजी, सोमवारी कापूस खात्याचे साहेब अकोल्याला निघतात. त्याआधी कागद हवा. नांदगावाकडे बनी कापूस जास्त की जडी, एवढाच सवाल. मी लिहिलं, 'बनी प्रिव्हेलंट आहे'. कसा भारदस्त शब्द आहे!

इनायतुल्ला : भारदस्त आहे, पण या जागेचा नाही. साहेबानं विचारलंय, 'प्रिडॉमिनंट' कोणता.

भगवंतराव : दोन्ही एकच की.

इनायतुल्ला : एकच असते तर इंग्रजानं दोन कशाला पोसले असते? तो तर घोड्याचा चारासुद्धा मोजून घालतो.

पार्वताबाई : मुनशीजी, मधात बोलली त चालंन का? मले बी सांगा. हात कामात हायेत, कान रिकामेच हायेत.

इनायतुल्ला : जरूर, बाई. 'प्रिव्हेलंट' म्हणजे जिकडेतिकडे आढळणारं.

पार्वताबाई : म्हंजे पोरायची खरूज. याच्या घरी हाये, त्याच्या घरी हाये.

इनायतुल्ला : वाह! पण कोणाच्या अंगावर किती, ते त्यात येत नाही. दुसरा लफ्ज 'डॉमिनंट'. ज्याचा वरचष्मा असतो तो. भले एकटा का असेना.

पार्वताबाई : माही सासू. आमी घरात पाच सुना. थे खाटल्यावर पडून, पन कोठीची किल्ली तिच्याच कमरेले. भाजीत मीठ किती, थे बी खाटल्यावरून सांगे.

भगवंतराव : आत्या, सरकारी कागदात तुझी सासू कशाला?

पार्वताबाई : भेऊ नको. मरून वीस वर्सं झाले, कागदात काई येत नाई थे.

इनायतुल्ला : आता 'प्रिडॉमिनंट'. दोन चिजा एकत्र असतात, पण पारडं एकीकडे झुकतं. दुसरीही असतेच, फक्त मागे पडलेली.

पार्वताबाई : समजलं. खिचडीत डाळ असते, पन भाताच्या मानानं थोडी. भात झाला तुमचा थो... काय म्हनलं?

इनायतुल्ला : प्रिडॉमिनंट. भगवंतराव, तुम्हांला आठ दिवस लागले असते!

भगवंतराव : असू द्या. मग लिहितो, 'बनी प्रिडॉमिनंट आहे'. झालं.

पार्वताबाई : नको लिहू.

भगवंतराव : का?

पार्वताबाई : बनी हाये, हे कोनं सांगतलं तुले?

भगवंतराव : महादेवराव पाटलांनी. गावचे पाटील आहेत, त्यांना माहीत नसेल?

पार्वताबाई : त्याचा सारा कापूस बनी म्हनून बनीच्या भावानं जाते. थो काहून सांगन खरं? हे पाह्य इकडं. माहा लक्ष वातीचा नेम हाये, ठाऊक हाये ना? घरोघरचा चिमूटभर कापूस मागतो अन् वाती करतो. ही वात बनीची. धागा लांब, वढली तरी तुटत नाई. आता ही वढ.

भगवंतराव : तुटली.

पार्वताबाई : जडी हाये. आखूड अन् खरखरीत. चाळीस घरचा कापूस आनला म्या. बनी निंगाली अकरा घरी.

इनायतुल्ला : अन् एकोणतीस घरी जडी! बाई, साहेबाचे चपराशी तीन महिने हिंडले, त्यांना हे कळलं नाही.

पार्वताबाई : त्यायले वाती कुठं करा लागतात?

भगवंतराव : पण चांगली बनी सोडून लोक जडी पेरतात तरी कशाला?

पार्वताबाई : जडीले बोंडं जास्त. तिकडं अमेरिकेत लढाई लागली, तिथचा कापूस इंग्रजाले येनं बंद झाला, तवापासून व्यापारी वजन पायते, धागा नाई पायत. मंग लोक बी वजनच पेरतात.

भगवंतराव : आत्या, तुला कळत नाही. बनी वाढवण्याचं काम साहेबांचंच आहे. जडी वाढली असं मी लिहिलं, तर अकोल्याची मोठ्या कारकुनाची जागा मला मिळेल का?

पार्वताबाई : मले नाई ठाऊक. पन कालच तू सांगतलं, जथी बनी मागं पडली तथीच सरकार बनीचं बियानं देनार. तू लिहिशीन बनी भरपूर हाये, त आमच्या गावाले बियानं कायले येईन? निवडक बी कोनाजवळ उरलं नाई, बाप्पा. दोन सालात बनी गावातून जाईन. म्या पायली नं, देवाच्या वातीतून. हेच सांगाले आली मी.

इनायतुल्ला : लफ्ज एक. त्याच्या एका पारड्यात तुमची जागा, दुसऱ्यात गाव. पाहा वजन.

भगवंतराव : ...वातींवरून लिहिलं म्हटलं तर साहेब हसतील.

इनायतुल्ला : मग वावरं पाहून लिहा. सोमवारला पाच दिवस आहेत. आमच्या गाडीवान कुर्बानची दमणी दारातच उभी आहे.

भगवंतराव : आत्या, शब्द देतो तुला. पाटलाला विचारणार नाही. एकेक वावर स्वतः पाहीन, अन् दिसेल तेच लिहीन.

पार्वताबाई : जागा गेली त?

भगवंतराव : गेली तर गेली. मुनशीजी, 'प्रिडॉमिनंट'च्या आधीची जागा कोरी ठेवतो. आल्यावर भरीन.

इनायतुल्ला : कागद मी जपतो. कुर्बानला बैल जुंपायला सांगतो.

भगवंतराव : सुरुवात कुठून करू, आत्या? पाटलाच्या वावरापासून?

पार्वताबाई : नाई. माह्या.

भगवंतराव : तुझं कशाला? तुझ्याकडे बनीच असणार.

पार्वताबाई : यंदा म्या बी जडीच पेरली, भगवंता.

भगवंतराव : ...मग पहिलं नाव तुझं लिहावं लागेल.

पार्वताबाई : लिहिजो. चाल, बैल जुपले त्यानं.