कोपरा फुटला

माझं गाव म्हनाल तर डोळखांबच्या पुढं, डांबर संपतं तिथून अजून पाऊन तास चालायचं, मग आमचा पाडा. बारकू माझं नाव, पन अंगानं मी बारीक कधीच नव्हतो, आई बोलायची जल्मलास तेव्हा मुठीयेवढा होतास म्हनून ठेवलं, आता कुठं बदलत बसू. भात, नाचनी, आन दिवाळीच्या पुढंमागं गवत कापायला जायचं, हे बापानं केलं, मी पन केलं. कबड्डी बापानंच शिकवली. भात झोडून झालं की खळं मोकळंच असतं, तिथं रेघा मारायच्या आन एकमेकाला लोळवायचं. बापाची एकच शिस्त, ताई. पाय धरायचा तर सुटनार नाय असा धरायचा, पन समोरच्याचा दम गेला, त्याचं कबड्डी कबड्डी थांबलं, की त्याच घडीला सोडायचा, दम गेल्यावर जो धरून ठेवतो तो खेळाडू नाय, कुत्रा हाय. हे आधीच सांगून ठेवतो, म्हंजे पुढचं ऐकताना तुमी असं समजू नका की याला ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं.

मी उजवा कोपरा. मैदानाच्या कडेला जो वाकून उभा असतो ना, चढाईला आलेला गडी परत पळायला वळला की त्याचा घोटा धरतो, तो. माझ्या हातात आलेला घोटा सुटला असं फार कमी झालं. मुरबाडच्या अंगाला एका गावात खेळायला गेलो होतो, तिथं पांडू म्हनून चढाईवाला, नुस्ता वारा. त्याचा घोटा धरला तो तोंडावर आपटला, पुढचा दात पडला, आन त्याची बहीन दात शोधायला मैदानात घुसली, डोळे फुटले का रे तुझे, रेड्या, असं बोलत. तीच मंगल. माझी बायको. पांडू लग्नात सगळ्यांना तोंड उघडून दाखवायचा, भावजींनी हुंडा नाय घेतला, दात घेतला बोलायचा. आयशप्पत सांगतो, सख्ख्या भावावानी मानूस.

आता जनूशेठचं सांगतो, नायतर तुमाला काय कळायचं नाय. गवताची वखार त्याचीच, मी कामाला तिथं, आन आमच्या मंडळाचा अध्यक्ष पन तोच. संघाचे कपडे त्याचे, गाडी त्याची, माइक तर त्याच्या बापाचाच. वखारीत आमी गवत प्रेसमधी घालून दाबायचो आन तारेनं गासडी बांधायचो. एक दिवस तार ताणलेली असताना तुटली आन सपकन माझ्या उजव्या हातावरनं गेली, पंजा मधून उघडला, आतलं पांढरं दिसलं मला. शहापूरला टाके घातले. जखम भरली, पन करंगळी आन तिच्या शेजारचं बोट वळंना ते वळंनाच. शेठला बोललो, शेठ, या मोसमात मला बसवा, मूठ बसत नाय माझी. तो पान लावत होता. बोलला, दोन गेली तर आठ हायेत ना रे, आन तू नाय खेळला तर वखारीत तरी कशाला येतोस मग. मग खेळलो.

आन लागलो हरायला. घोटा हातात यायचा आन मासा निसटतो तसा जायचा. पहिल्या हारीनंतर शेठनं माइक घेतला, मंडळी, आमच्या कोपऱ्यानं वखारीतला पेंढा खाल्लाय वाटतं, सुस्ती आलीय त्याला. मैदान हसलं. दुसऱ्या हारीनंतर आमचा सेक्रेटरी मोबाइलवाल्यांच्या कॅमेऱ्यापुढं उभा राहून बोलला, पुढच्या साली जुनी खोडं काढनार, उजव्या कोपऱ्यापास्नं सुरुवात. ते पाड्यातल्या समद्या मोबाइलमधी फिरलं. तार कुनाच्या वखारीत तुटली ते एकजन पन बोलला नाय, ना शेठ, ना सेक्रेटरी. मी घरी येऊन भांडी फेकायचो. मंगल बोलायची, भांड्यांनी काय केलंय तुमचं, ज्यानं केलंय त्याला बोला की. तेवढी छाती नव्हती माझी तेव्हा.

मग मुरबाडकडं सामना, तीन वरसं झाली, समोर पांडूचा संघ. दुपारचा टाइम, ऊन कडकडीत, दोन्हीकडची मानसं, मंगल आमच्या पोरीला मांडीवर घेऊन आपल्या आईशेजारी बसलेली. पांडू आला, घोटा धरला, सुटला. परत आला, सुटला. तिसऱ्यांदा सुटला तेव्हा जाताना हळूच बोलला, भावजी, हात दुखतोय का? त्याला येकट्याला दिसलं बघा. आन मध्यंतराला शेठनं माइक ओढून घेतला आन बोलला, मंडळी, आता काय खेळ बघायचा, आपला उजवा कोपरा फुटलाय.

आता हा शब्द कसा हाय बघा. आमच्या खेळात कोपरा फुटला म्हंजे तिथनं मानसं निसटतायत, येवढंच. भोक पडलंय, बास. पन त्या साली ग्रामपंचायतीची निवडनूक नुकतीच झालेली, आमचा येक मेंबर मतदानाच्या आदल्या दिवशी पलीकडच्या पॅनलला जाऊन मिळालेला, आन तेव्हापास्नं चहाच्या टपरीवर, नळावर, मयताला गेलं तरी येकच, फुटला, फुटला. शेठ कुठल्या अर्थानं बोलला ते त्यालाच ठाऊक. पन मैदानानं ऐकलं ते दुसरंच. मागून कोनतरी आरडला, सासुरवाडीला फुटला रे! मेवन्याला सोडतोय बघा! मग काय ताई, दगड आला, चप्पल आली, पान्याची बाटली आली ती कानावर बसली. माझ्याच पाड्यातली मानसं, ज्यांच्या घरी मी जेवलोय, ती बोलत होती, बाहेर काढा भडव्याला. मी शेठकडं बघितलं. येक शब्द बोलायचा होता त्यानं, माइक हातातच होता, हात दुखतोय रे त्याचा, येवढंच. तो खुर्चीवर जाऊन बसला.

डोकं फिरलं माझं. दुसऱ्या डावात पांडू पहिलीच चढाई घेऊन आला. मी बोटांचा भरवसाच सोडला. तो वळला तसा त्याचा पाय काखेत घेतला, कोपराच्या आत आवळला आन सगळं वजन टाकलं. तो पडला. बाकीचे वर पडले. त्याचं कबड्डी थांबलं, मला ऐकू आलं थांबलेलं. तो बोलला, भावजी, सोडा, दम गेला. परत बोलला, भावजी, सोडा. मी सोडला नाय. पाय पिळला आन गुडघ्यावर बसलो. लाकूड मोडतं तसा आवाज नाय येत हो, ओला आवाज येतो, कट् करून. पांडूचा गुडघा उलट्या बाजूला गेला. आन काय सांगू तुमाला, आमच्या बाजूनं टाळ्या वाजल्या. शिट्ट्या वाजल्या. कोनतरी बोलला, नाय रे, आपलाच हाय.

मग त्यांची मानसं आली, येनारच होती. खुर्च्या, बांबू, मंडपाचा लोखंडी पाइप. दोन बरगड्या गेल्या माझ्या, भुवई फुटली, तोंडात रक्त आन माती. मी हात वर केला नाय. आमचा संघ गाडीत बसून निघून गेला, शेठ सगळ्यात आधी. मंगल पांडूचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मला ओढत तिच्यासमोरनं नेत होते तेव्हा बोलली, त्यानं दोनदा हाक मारली, ऐकली नाय का तुमी? मी बोललो, ऐकली. खोटं कशाला बोलू. ती तिथंच राहिली, माहेरी, पोरगी घेऊन.

बरगड्या भरल्यावर मी वखारीत गेलो. शेठला बोललो, त्याच माइकवर बोला की बारकूचा हात गेला होता, तो विकला गेला नव्हता. मला वाटत होतं, तेवढं बोलला तर मंगलला तोंड दाखवता येईल. तो हसला. बोलला, अरे मडकं फुटतं तसा फुटला बोललो मी, लोकं गाढव त्याला मी काय करू? आन दिलास ना तू उत्तर, मोडलास ना पाय, लोकं खूश हायेत तुझ्यावर. खूश! त्याच्या नाकावर मी डोकं मारलं. खाली पडला तर बकोट धरून प्रेसपाशी ओढत नेला, त्याचा हात आत घातला आन दांड्याला हात लावला. आरडायला लागला, सोड, सोड रे, पाया पडतो. तो सोड ऐकला आन मी दांडा सोडून दिला. तिथंच खाली बसलो. मुकादमानं पाठीत फावडं घातलं तरी उठलो नाय.

लॉकअपमधी राहिलो, मार खाल्ला. मग जानत्या मानसांनी मिटवलं, मी हाताचं काय बोलायचं नाय, त्यानं नाकाचं नाय, आन त्यानं माइकवर बोलायचं. बोलला तो, पुढच्या सामन्याला, बारकू आपला हाय, फुटला नव्हता. मंडळींनी टाळ्या वाजवल्या आन लगेच नानेफेक झाली. मी तसाच एसटी धरून पांडूकडं गेलो, येड्यावानी खूश होऊन. तो पडवीत बाजेवर, पाय पुढं लांब केलेला, तो आता वाकनारच नाय. बोललो, शेठनं शब्द मागं घेतला. पांडू बोलला, तुझं नाव सुटलं. माझ्या पायाचं काय बोलला? कधी अरेतुरे केलं नव्हतं त्यानं मला. मंगल दारात होती, ती बोलली, दादा बोलंल तेव्हाच येईन.

दोन पावसाळे मी त्याच्या शेतात राबलो. चिखल केला, लावनी केली, कापलं, झोडलं. त्यानं बोलवलं नव्हतं, मी जायचो. भाकर बांधावर ठेवलेली असायची, कोन ठेवायचं बघितलं नाय. दुसऱ्या साली भात कनगीत भरून झालं तेव्हा पांडू काठी टेकत आला आन बोलला, मंगलला घेऊन जा. पोरीला बाप पायजे. पन माझ्या उंबऱ्याला परत पाय लावू नकोस, मी मेलो तरी येऊ नकोस.

आता मी कसाऱ्याला हायवेच्या कामावर हाय, डाव्या हातानं जमतं तेवढं करतो. मंगल घरी हाय, रांधते, बोलते, हसते पन कधीमधी, खोटं बोलनार नाय. सनाला दोघींना तिच्या माहेरच्या फाट्यावर उतरवतो आन मागं फिरतो. पांडूचं बरोबर हाय, त्याच्या जागी मी असतो तर बहीन पन दिली नसती परत. देव त्याला सुखात ठेवो, त्याच्या घरात कधी काय कमी न पडो. पोरगी विचारते, बाबा, तू मामाकडं का येत नाय? मी बोलतो, काम हाय गो. पन ती मोठी व्हायला लागलीय. कोनी दुसऱ्यानं सांगायच्या आत मीच सांगनार हाय. शेठ काय बोलला, लोकं काय बोलली, ते नाय सांगनार. तुझा मामा दोनदा बोलला सोडा, आन मी सोडलं नाय, येवढंच सांगनार. मग ती मला बाबा बोलंल का नाय, ते तिचं ती बघंल.