पाचवं मशीन

—फ्रिजचा. फ्रिजचा आवाज आहे तो, जुना झालाय, घुरघुर करत असतो दिवसभर. तुम्ही बसा ना सर. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय डुगडुगतो — ही घ्या, हिच्या बुडाला पण तुमचं स्टिकर आहे बघा, प्रोजेक्टचं नाव, नंबर, सगळं — म्हणजे बसता बसता एक वस्तू मोजून झाली तुमची. हसा की हो! बरं, नका हसू, काम म्हणजे काम. प्रोजेक्ट संपला, अनुदानातून घेतलेलं सामान मोजायचं आणि गाडीत घालून न्यायचं, त्यासाठीच तर मोठ्या ऑफिसातून तुम्हाला एवढ्या लांब धाडलंय. मी सगळं पुसून मांडून ठेवलंय — टेबलं, प्रिंटर, बाळांचे वजनकाटे, आणि ती बघा, हवेतून ऑक्सिजन काढणारी विजेवरची मशीनं. अगंबाई, चहा सांडला का तुमच्यावर? थांबा, फडकं आणते आतून — नाही, आतून नको, हा रुमाल आहे माझ्याकडे. घ्या, पुसा, धुतलेलाच आहे.

चार. हो, चारच दिसतात. पाच होती, बरोबर आहे तुमचं, पाच बालआरोग्य केंद्रांना पाच. पाचवं ना, ते दुरुस्तीला दिलंय. इथे नाही, इथे कोण करणार, शहरात दिलंय — माणूस ओळखीचा आहे. पावती? पावती असेल की. शोधते मी, तुम्ही तोवर बाकीचं बघा ना. हे ओरखडे होय फरशीवर? कपाट सरकवलं मी तिथे, दोन दिवसांपूर्वी, म्हटलं भिंतीला लागून असलेलं बरं, तुम्हाला मोजायला सोपं. मागे? मागे काय असणार, भिंत. म्हणजे दार आहे एक, पण ते बंदच असतं, घराचं दार आहे ते. तुम्हाला ठाऊक असेल ना, हे ऑफिस म्हणजे आमच्याच घराच्या पुढच्या दोन खोल्या — ते अर्जात विचारतात, तुमच्या संस्थेचा स्वतःचा वाटा किती? आम्ही कुठून आणणार वाटा! मग मी जागेचं भाडं लिहिलं. मधे प्लायची भिंत मारली आणि ती भिंतही वाट्यात लिहिली. परदेशातल्या लोकांना फार आवडलं ते. 'समाजाचा सहभाग' या सदरात गेलं.

नाही हो, मी घाबरलेली नाही. घाबरायचं काय त्यात. फक्त तुम्ही असं एकेक वस्तू उलटून बघता ना, त्याने जरा — तुम्ही माझ्या धाकट्या भावाच्या वयाचे, खरं सांगू का, पहिल्यांदा परदेशी पाहुणे आले होते तेव्हाही मी अशीच बडबडत सुटले होते. त्यांना केंद्रं बघायची होती. आणि केंद्रांपैकी दोन ठिकाणी वीज होती हो, बाकी तीन ठिकाणी दिवसातून कधी येईल, कधी नाही, त्याचा नेम नाही. मशीनं खोक्यातच. ही गोष्ट अर्ज लिहिताना नाही का कळली, म्हणता? कळली होती. पण कसं आहे सर, परदेशातली संस्था पैसा देते राजधानीतल्या त्यांच्या कचेरीला, ती देते तुमच्या मोठ्या ऑफिसला, तुम्ही देता आमच्यासारख्या सहा छोट्या संस्थांना, आणि प्रत्येक पायरीवर एक एक माणूस कागद वाचून म्हणतो, छान आहे, फक्त तेवढी मशीनं राहू द्या, मशीनं मोजता येतात. वीज मोजता येत नाही म्हणून ती राहिली. मी म्हटलं होतं एकदा मीटिंगमध्ये, मग तुमच्या मोठ्या मॅडम म्हणाल्या, तो दुसऱ्या प्रोजेक्टचा विषय आहे. मी गप्प बसले. अनुदानाचा हप्ता अडकला असता.

हे मात्र लिहू नका हं. लिहिताय का? नाही ना? बरं.

बाथरूम? आत्ता? म्हणजे — जायचंय का तुम्हाला — असं करा ना, समोर रस्ता ओलांडला की हॉटेल आहे, त्यांचं स्वच्छ असतं, माझं नाव सांगा. इथलं तुंबलंय. इथलं घरात आहे ना, त्या बाजूला, मागच्या गल्लीतून वळसा घालून जावं लागतं, आणि तुंबलंय. काय माणूस मी, पाहुण्याला समोर हॉटेलात पाठवते! पण तुंबलंय म्हणजे काय इलाज. नको? थांबाल? बरं, थांबा.

आवाज अजून येतोय, हो. मोटार आहे ना ती, शेजाऱ्यांची, पाण्याची. फ्रिज? फ्रिज म्हणाले मी? फ्रिजचा पण असतो, दोन्ही मिळून होतं काहीतरी — या जुन्या घरांत ना सर, कुठला आवाज कुठून येतो काही कळत नाही. तुम्ही चहा घ्या. गार झाला असेल. दुसरा करू?

चालू करून बघायलाच हवंय का प्रत्येक? तसा नियम आहे म्हणता. नियम आहे तर लावा. नाही, मीच लावते, द्या वायर. हे बघा — लागलं. एक मिनिट थांबा, सुरुवातीला धाप लागल्यासारखं करतं, मग सुरू होतं. झालं. नळीला बोट लावून बघा, हवा येतेय ना? बास, मग काढू या — अगंबाई! घाबरलात? मीच घाबरले. ती शिट्टी वाजते हो, वायर उपटली ना मी. लाईट गेली, वायर निघाली, नळी दुमडली, काहीही बिघडलं की ते शिट्टी मारतं, मेलेलं माणूस उठेल अशी. हाताने बटण दाबून बंद केलं तरच गप्प राहतं, त्याला कळतं की कुणीतरी मुद्दाम बंद केलंय. चांगलं बनवलंय. रात्री त्या शिट्टीने मी कितीदा धावत — म्हणजे आमच्या नर्सबाई, केंद्रावरच्या, त्या धावत उठतात.

काय ऐकताय?

बंद केलं ना मी हे. हो, बंद आहे. आवाज — हो. अजून येतोय. तोच. अगदी तोच आहे, नाही का, हुबेहूब, मधेमधे फुस्स करतो तोसुद्धा. तुम्हाला काय वाटतं ते कळतंय मला. नका ना तिकडे जाऊ. सर, कपाटाला हात नका लावू, तुमच्या पाया पडते. बसा, सांगते, सगळं सांगते, फक्त हळू बोला, प्लाय आहे ती, पलीकडे सगळं ऐकू जातं.

आमचे हे आहेत आत. माझे मिस्टर. फरशी घासण्याचं काम करायचे हो, मोठमोठ्या बंगल्यांच्या, ऑफिसांच्या फरश्या, आरशासारख्या करून द्यायचे. सगळी धूळ छातीत गेली. आता दगड झालेत फुफ्फुसांचे, डॉक्टर म्हणाले. दवाखान्यात नेलं की दोन दिवस ठेवतात आणि म्हणतात, घरी न्या, घरी मशीन लावा. घरी मशीन! जसं काही पंखाच घ्यायचाय. भाड्याने मिळतं म्हणे, विचारून आले मी, महिन्याचं भाडं माझ्या पगाराएवढं — आणि पगार तर प्रोजेक्टबरोबर संपला. आणि इथे, या खोलीत, खोक्यात, प्लास्टिकसुद्धा न काढलेली तीन मशीनं पडलेली. तुम्ही काय केलं असतं? नाही, उत्तर नका देऊ. मी एक उघडलं. एक आठवडा म्हटलं होतं. हे तर घ्यायलाच तयार नव्हते. म्हणाले, अगं, ते पाच वर्षांखालच्या बालकांसाठी आहे, मी सत्तेचाळिसाचा घोडा, मला कुठल्या रकान्यात बसवशील? धाप लागत होती आणि थट्टा करत होते. मग नळी लावली आणि पहिल्यांदा, किती महिन्यांनी, आडवे होऊन झोपले. तोवर बसूनच झोपायचे हो, उशी मांडीवर घेऊन. मी त्या रात्री नुसती बघत बसले होते.

मशीन पलंगाला लावून ठेवलंय. बटणाची बाजू त्यांच्याकडे, त्यांनीच मागितलं तसं, म्हणाले उशाशी असू दे, तुला सारखं उठायला नको. स्टिकर काढलेलं नाही मी. एवढं लिहा, हवं तर. मी चोरी केली असती तर पहिलं स्टिकर खरवडलं असतं. फडक्याने झाकलंय फक्त, कारण हे म्हणतात, मला तो नंबर बघवत नाही.

ओरडा माझ्यावर हवं तर. ऐका, माझं ऐका — ते मशीन नेऊन तुम्ही ठेवणार कुठे? गोदामातच ना? मी बघितलंय तुमचं गोदाम. मागच्या प्रोजेक्टची शिलाई मशीनं आहेत तिथे, अजून तसंच प्लास्टिक त्यांच्यावर, कबुतरांनी घाण केलेली. त्यांना आता श्वासात रस नाही म्हणे, परदेशातल्यांना, आता पुढची पाच वर्षं सगळा पैसा मातीवर, शेतजमीन सुधारण्यावर. मातीला काय करायचंय ऑक्सिजन! ते कोपऱ्यात पडणार आणि हे इथे — अर्जात एक रकाना असतो बघा, प्रकल्प संपल्यावर हे काम पुढे कोण चालवणार? मी लिहिलं होतं, समाज सांभाळेल. सगळेच तेच लिहितात. समाज म्हणजे कोण, सर? मी नाही का समाज? आमचे हे नाहीत?

लिहा ना, बिघडलेलं आहे, टाकून द्यायच्या लायकीचं. तेवढं एक वाक्य. तेही नको तर काही दिवस द्या, लिहा की शहरात आहे, नंतर येईल. फार दिवस नाही लागणार, डॉक्टरांनी सांगितलंय मला, फार दिवस नाहीत. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय.

काय? हो, माहितीये. माहितीये मला. पाचही मशीनं मिळाल्याशिवाय तुमची सही नाही, आणि तुमची सही नाही तर शेवटचा हप्ता नाही. वाचलंय मी ते, पाठ झालंय माझं! माझा पगार नका देऊ, पण नर्सबाईंचा आहे, केंद्रांवर काम करणाऱ्या दोघी मुलींचा आहे — एकीने घरभाडं थकवलंय त्या हप्त्याच्या भरवशावर, रोज विचारते मला, ताई, कधी येणार? आणि मी तिला सांगते, वरून उशीर आहे. वरून! उशीर इथे आहे, या भिंतीच्या मागे! मला कळत नाही का? एकीकडे तिघींच्या चुली आणि एकीकडे माझ्या नवऱ्याचा श्वास, मी कुठे बघू हो, मी काय करू, सांगा ना! यांना तर हे माहीतही नाही. यांना वाटतंय माझ्या एकटीचं नाव खराब होईल फार तर. तिघींचे पगार यांच्या नाकातल्या नळीला अडकलेत हे कळलं ना, तर एक क्षणही ते मशीन लावून घेणार नाहीत, मी ओळखते ना त्यांना, सत्तावीस वर्षं —

चढला का आवाज माझा? ओरडले का मी?

थांबा. बोलू नका. खुर्ची नका हलवू.

तुम्हाला येतोय का आवाज, आतल्या मशीनचा?

पंखा फिरतोय ना हा? फिरतोय. म्हणजे लाईट आहे. लाईट गेलेली नाही. शिट्टी पण नाही वाजली, वाजली का? तुम्ही ऐकली का शिट्टी? नाही ना. मग बिघडलं नसणार, बिघडलं असतं तर —

अहो?

अहो, बटण चालू करा ते. मी काहीतरीच बोलत होते या सरांशी, तसं काही नाहीये, सगळं होणार आहे व्यवस्थित. अहो, ऐकताय ना? मागच्या गल्लीतून नको, उशीर होईल — सर, इकडे या. कपाट धरा. त्या बाजूने धरा. ढकला ना! अहो!