नोएमीचा वेटर

यूला : दुसरा वेटर मागा. एवढंच म्हणतेय मी.

ऑक्ताव : हळू बोल. इथे वेटर बदलत नसतात, यूला. घराण्याचा वेटर ठरलेला असतो. न्यू ऑर्लिन्समध्ये माणसं एक वेळ डॉक्टर बदलतील, वेटर नाही.

यूला : घराणं कुणाचं? तुमचं नाही. क्लोव्हिस तुमच्या पहिल्या सासऱ्यांचा वेटर. त्यांच्यामागे तो नोएमीकडे आला, आणि नोएमीबरोबर तुमच्याकडे. सरळ सांगायचं तर हुंड्यात आलाय तो.

ऑक्ताव : शुक्रवारची दुपार आहे, अर्धं गाव जेवायला बसलंय इथे. ते कोपऱ्यातले सुलिए नवरा-बायको आपल्याकडेच बघतायत.

यूला : बघू देत. दोन वर्षं झाली आपल्या लग्नाला. दर शुक्रवारी मी या खुर्चीत बसते आणि कुणी काही न विचारता माझ्यापुढे आधी कोळंबी येते, मग बदाम घातलेला ट्राऊट मासा. मला बदाम आवडतात का, हे विचारलंय कधी कुणी?

ऑक्ताव : मग सांगायचं होतंस की.

यूला : पहिल्या शुक्रवारी मी मेनूकार्ड हातात घेतलं, तर तुम्ही ते काढून घेतलंत. म्हणालात, क्लोव्हिसला सगळं ठाऊक आहे. त्याला काय ठाऊक असणार? नोएमीचं. तिचं ताट जेवतेय मी. जळफळाट होतो माझा, खोटं कशाला बोलू? तिचे फोटो घरभर लावा, मला काही वाटत नाही. पण इथे ती माझ्याआधी येऊन बसलेली असते.

ऑक्ताव : तुला काय, दर शुक्रवारी नदीपलीकडे तुझ्या आत्येभावाच्या हॉटेलात जायचं असतं. टेबलावर वर्तमानपत्रं, त्यावर बादलीभर उकडलेले क्रेफिश, ते गोड्या पाण्यातले झिंगे, ओतलेले. मी काटा मागितला तर हसला तो.

यूला : हसला, कारण सगळं हॉटेल हाताने खात होतं. पण तिखट किती चालेल, हे त्याने तुम्हाला आधी विचारलं होतं. आम्ही केजन माणसं, दलदलीतली. आम्हाला रीतभात नाही म्हणे.

ऑक्ताव : मी असं कधी म्हटलं?

यूला : तुमच्या बहिणीने म्हटलं. तुम्ही पावाला लोणी लावत बसलात.

(क्लोव्हिस कोळंबीच्या दोन बश्या घेऊन येतो.)

क्लोव्हिस : उशीर झाला, साहेब, माफ करा. बाई, ही तुमची.

यूला : क्लोव्हिस, जरा थांबा. राग मानू नका. पुढच्या शुक्रवारपासून आम्हाला दुसरा वेटर द्या, असं मी यांना सांगत होते.

ऑक्ताव : तुम्ही लक्ष देऊ नका हो. तिचं डोकं दुखतंय.

क्लोव्हिस : माझं काही चुकलं का, बाई?

यूला : चुकलं काही नाही. तुम्ही फार इमानी आहात, तेच माझं दुखणं आहे. नोएमीच्या आवडीचं तुम्ही मला दोन वर्षं वाढताय.

क्लोव्हिस : नोएमीबाईंच्या? नाही, बाई. हे साहेबांच्या आवडीचं. ट्राऊट नोएमीबाईंच्या घशाखाली उतरायचा नाही. अर्धा ठेवायच्या. साहेबांना दिसू नये म्हणून मी बशी लगेच उचलायचो.

ऑक्ताव : काहीतरीच काय. तीस वर्षं खाल्ला तिने ट्राऊट.

क्लोव्हिस : तीस वर्षं तुम्ही मागवलात, साहेब.

यूला : मग तिला आवडायचं तरी काय?

क्लोव्हिस : जाऊ द्या, बाई. गेलेल्या माणसाची गोष्ट.

ऑक्ताव : नाही. आता सांगाच.

क्लोव्हिस : राजमा-भात. सोमवारी गावात घरोघरी असतो तोच. सोमवारी आपलं हॉटेल बंद, पण चांदीचे काटे-चमचे घासायला आम्ही चार-पाच जण येतो आणि आमच्यापुरतं पातेलं चढतं. नोएमीबाई मागच्या दाराने यायच्या. अकरा वर्षं येत होत्या.

ऑक्ताव : सोमवारी ती चर्चमध्ये फुलं बदलायला जायची.

क्लोव्हिस : फुलं बदलूनच यायच्या. आमच्यात बसून फडक्याने चमचे पुसायच्या. मग दोनदा भात घ्यायच्या, वर चांगला लालभडक तिखट सॉस.

ऑक्ताव : तिखट? घरी तिला मिरीसुद्धा चालत नव्हती.

क्लोव्हिस : तुम्हाला चालत नव्हती, साहेब.

ऑक्ताव : हसायची का इथे?

क्लोव्हिस : डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बेनोआ नकला करायचा ना. म्हणजे तुमच्या नाही हं, साहेब.

ऑक्ताव : बेनोआ कोण?

क्लोव्हिस : आमचा सूपवाला. आता तोही नाही.

ऑक्ताव : वय काय होतं त्याचं?

यूला : अहो.

ऑक्ताव : विचारतोय फक्त. वय काय होतं?

क्लोव्हिस : नोएमीबाईंच्याच वयाचा असेल. खाली मान घालून काम करणारा माणूस होता, साहेब. तसलं काही मनात आणू नका.

ऑक्ताव : आणि माझ्याबद्दल? माझ्याबद्दल काय बोलायची ती?

क्लोव्हिस : काही नाही. जेवायच्या.

ऑक्ताव : इतकी वर्षं तुम्ही माझ्या ग्लासात पाणी ओतताय, क्लोव्हिस. एका शब्दाने सांगितलं नाहीत मला.

क्लोव्हिस : मी त्यांचा वेटर होतो, साहेब.

यूला : चेहरा बघा स्वतःचा. मघाशी म्हणत होतात, माझं डोकं दुखतंय. त्या बिचारीवर जळायला आता आपण दोघं झालो. आणि मी तर उगाचच जळत होते. तिलाही या खुर्चीत कुणी काही विचारलं नव्हतं.

ऑक्ताव : क्लोव्हिस, येत्या सोमवारी मी आलो तर चालेल? मागच्या दाराने?

क्लोव्हिस : सोमवारी बंद असतं, साहेब.

यूला : अजून तिच्याचबद्दल चाललंय तुमचं. मी इथे समोर बसलेय. क्लोव्हिस, ही कोळंबी घेऊन जा.

क्लोव्हिस : नेतो, बाई.

ऑक्ताव : यूला, मंगळवारी दुपारी तू घरी नसतेस. कुठे जातेस?

यूला : आधी मला काय खायचंय, ते विचारा.