फलकाखालचं टेबल

तुम्हाला म्हणून सांगते, मला वाटलं होतं रांग लागेल. परदेशात शिकून परतले होते. वाघोलीच्या एका कॉलेजला आणि तिथल्या कॅन्टीनवाल्या काकांना पटवून गरजू मुलांसाठी दुपारचं जेवण सुरू केलं होतं. प्रत्यक्षात ‘गरजू विद्यार्थ्यांसाठी मोफत भोजन’ या भल्यामोठ्या फलकाखाली आठवडाभर मी एकटीच जेवत होते.

काका म्हणाले, “योजनेचा लाभ आपण तरी घेताय, हे बरंय मॅडम.”

मग एक दिवस यवतमाळची एक मुलगी समोर येऊन बसली. मी आनंदाने लगेच ताट मागवलं.

“मी जेवायला नाही आली, ताई,” ती म्हणाली. “तुम्ही रोज एकट्याच दिसता, म्हणून आली.”

“पण तू जेवलीस का?”

“सकाळपासून नाही. पण या फलकाखाली कोण जेवणार? सगळा वर्ग बघतो ना.”

ती उठून गेली. ताट तसंच राहिलं. रात्री कोथरूडच्या खोलीवर मलाही घास गिळवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फलक उतरवला आणि तिच्या वर्गात जाऊन विचारलं, “मला एकटीला जेवण जात नाही. दुपारी सोबतीला कोण येईल?”