खाली सरकलेला सूर

जुन्या संगीताच्या शिबिरात, चहाच्या रांगेत, बासरीवाला पोस्टमन मान खाली घालून उभा होता. बासरी सूर सोडून वर जाते म्हणून सरांनी आत्ताच त्याला चारचौघांत झापलं होतं. मागे गाणाऱ्यांतल्या दोघी कुजबुजत होत्या.

“नऊ वर्षं मी येतेय. नणंद पहिल्यांदाच आली, तर तिला अख्खी चाल. आणि मी काय करायचं, तर तिच्याखाली एकच सूर धरून बसायचं.”

“धरलास ना पण?”

“धरला. मग हळूच खाली सरकवला.”

“मुद्दाम?”

“सगळ्यांदेखत तिची फजिती व्हावी म्हणून.”

“झाली?”

“कसली होतेय. माझ्यामागोमाग तीही उतरली, सगळेच उतरले. तो बासरीवाला तेवढा वर राहिला.”

पोस्टमनच्या हातातला रिकामा कप बशीवर वाजला.

“नणंदबाई काही म्हणाल्या?”

“गळ्यात पडली. म्हणाली, वहिनी, मला कुठलं सुरातलं कळतंय, मी आपली तुझ्यावर कान ठेवून गात होते.”

“गोड आहे गं.”

“तेच तर. सुखाने जळूही देत नाही मेली.”